पाचव्या खांबावरची सहा पाखरं

२ फेब्रुवारी

मुंगे,

वर 'अनेक आशीर्वाद' लिहायला घेतलं होतं, पण हात धजावला नाही. सात वर्षांत एक ओळ नाही आणि आता एकदम आशीर्वाद! तू कागद तिथल्या तिथे चुरगळला असतास. म्हणून नुसतंच मुंगे. लहानपणी जमिनीला नाक लावून तासन्‌तास किडे बघत बसायचीस म्हणून मीच ठेवलेलं नाव. तेवढा हक्क राहू दे माझ्याकडे.

पत्र लिहायला तुझ्या वहिनीने बसवलंय. समोर मटार सोलत बसली आहे आणि पान भरल्याशिवाय उठायचं नाही म्हणते.

बातमी अशी, की मला कानात मशीन लागलं. दोन्ही कानांत. हस, हस. वहिनी किती दिवस मागे लागली होती. टीव्हीचा आवाज गल्लीच्या टोकाला जातो, शेजारीण तिचा टीव्ही न लावताच बातम्या ऐकते, असं रोजचं पुराण. मी आपला या कानाने ऐकायचो आणि त्या कानाने सोडून द्यायचो. "ऐकायचात कुठे?" असं वहिनी आत्ता समोरून म्हणाली. बघ, हेही आता ऐकू येतं.

कानाच्या डॉक्टरीणबाई तुझ्याहूनही लहान. मला एका काचेच्या खोक्यात बसवलं, कानांवर मोठाले कर्णे चढवले आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. टीं, की दाब. टीं, की दाब. थोड्या वेळाने काही येईनासं झालं. पण मी पस्तीस वर्षं पाखरांचे आवाज मोजून कानावर पोट भरलेला माणूस, मला त्यातली लय कळली होती. इतक्या इतक्या अंतराने येतोय, म्हणजे आता आला असणार, असा अंदाज बांधून मी आपला दाबत राहिलो. बाई उठून आत आल्या, माझ्या कानांवरचं काढलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "काका, गेली दोन मिनिटं मी काही वाजवलेलंच नाही."

वहिनी दारात उभी होती. मी हसलो. ती नाही हसली.

बारीक आवाज गेलेत म्हणे. जाड आवाज शाबूत आहेत. वयाने होतं, कोणालाही होतं, त्यात लाजायचं काय?

आता दुसरी गोष्ट. वीस मार्चला सुनावणी आहे, तुलाही नोटीस आली असेल. रोपवेवाल्यांना डोंगराच्या माथ्यावर उपाहारगृह बांधायचंय, त्यासाठी माथ्यावरचं रान तोडावं लागणार. वनखात्यातले आपले साहेब सांगत होते, तू तुझ्या वह्या घेऊन विरोध करायला येणार आहेस. खात्यातून गेल्यावरही तू दर वसंतात स्वतःच्या पैशाने पाखरं मोजत राहिलीस, हे मला तेव्हा कळलं. माझं ऐकशील तर येऊ नकोस. त्यांचा वकील तो जुना अहवाल वाचून दाखवेल, तुझ्या कानाबद्दलचा. चारचौघांत तुझी शोभा होईल, दुसरं काय? झाकली मूठ सव्वा लाखाची.

तुझ्या भल्यासाठीच सांगतोय. पान भरलं.

दादा


१७ फेब्रुवारी

मुंगे,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती, पण रोज पोस्टमनच्या सायकलकडे बघतो. खरंच.

काल डोंगरावर जाऊन आलो. मोजणीला अजून महिना आहे, पण मशीन तपासायचं होतं. घरात ते फार छळतं. किटली, पिशवीची कुरकुर, माझीच चप्पल, सगळं अंगावर येतं. म्हटलं, ज्या कामासाठी हे कान आहेत तिथेच नेऊन बघू.

पुढचं सगळं तुला पाठ आहे, तरी क्रमाने लिहितो. क्रमाने लिहिलं की खोटं घुसवायला जागा राहत नाही, हे मीच तुला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. पायथ्यापासून माथ्यापर्यंत दहा खांब, दर शंभर मीटर चढावर एक. सूर्य उगवताना पहिल्यापाशी उभं राहायचं. प्रत्येक खांबाला दहा मिनिटं. धुकं आणि पाला, त्यामुळे दिसत काहीच नाही. ऐकायचं आणि वहीत लिहायचं. सुईपाखरू चौथ्यापासून आठव्यापर्यंत. त्याचा आवाज सुईसारखा बारीक, टोचतो न टोचतो असा, म्हणून खात्यात त्याला कोणी दुसऱ्या नावाने ओळखतच नाही. पाचव्या खांबावर सहा. दरवर्षी सहा, कधी पाच, क्वचित सात.

काल पाचव्यावर उभा राहिलो. एक बुलबुल ओरडत होता. आपल्या अंगणातला, पायथ्याचा बुलबुल, पाचव्या खांबावर! बाकी काही नाही. मशीनची बॅटरी बदलली. परत दहा मिनिटं. बुलबुल.

सहाव्यावर डास चावले. सहाव्यावर डास, मुंगे! पूर्वी तिथे बोटं गारठून पेन्सिल धरवत नव्हती. पांढऱ्या फुलांची ती झुडपं तिसऱ्या खांबापासून सुरू व्हायची ना? खालची सगळी वाळून काटक्या झाल्यात, नवं रोप एकही नाही. हिरवी दिसली ती थेट सहाव्याच्या वर. मी दरवर्षी तिथूनच जातो, पण मला ती काल दिसली. पाखरांच्या मोजणीत झुडपं लिहायची नसतात, म्हणून मी कधी मान वळवली नसेल. पुराचं पाणी घरात शिरलं की माणसं एकेक पायरी वर सरकतात, तसं चाललंय सगळं. पायथा तापतोय, खालचे वरच्यांच्या जागेत येतायत आणि वरचे आणखी वर. फक्त डोंगर वर निमुळता होत जातो. प्रत्येक खांबाला जागा कमी.

सातव्यावर नाही. आठव्यावर नाही. नवव्यावरही नाही, तरी वर गेलो. दहाव्याच्याही वर, अगदी माथ्यावर, जिथे रोपवेवाल्यांनी लाल झेंड्या रोवल्यात, तिथे पोचलो आणि कानात टीं झालं.

मला आधी वाटलं मशीनच वाजतंय. काढलं, बंद. घातलं, टीं. मग दुसरीकडून. मी तिथेच खाली बसलो. नऊ मोजली. वही नेलीच नव्हती, म्हणून हाताच्या बोटांवर मोजली.

बाकी सगळं ठीक. बुलबुलाचं नवल वाटलं म्हणून लिहिलं.

दादा


५ मार्च

मुंगे,

वहिनी परवा तुझ्याकडे येऊन गेली, मला न सांगता. सांगितलं असतं तर मी काहीतरी कारण काढून तिला थांबवलं असतं, हे तिला माहीत आहे. तुझी रोपवाटिका बघून आली. म्हणाली, "पोरगी चिखलात कोपरापर्यंत हात घालून बसली होती. मला बघून आधी हात धुतले आणि मग गळ्यात पडली." तू तिला सांगितलंस म्हणे, की आता लोक वरच्या गावांसाठी पायथ्याची रोपं मागायला येतात आणि ती तिथे जगतातही, आणि वरची जुनी रोपं रोपवाटिकेत कितीही सावलीत ठेवली तरी उन्हाळ्यात माना टाकतात.

मग माझं पत्र काढून दाखवलंस. वहिनीने तुझं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. "त्याला आत्ता बुलबुलाचं नवल वाटलं, वहिनी? मी सात वर्षांपूर्वी चौथ्या खांबावर बुलबुल लिहिला होता. त्यानेच खोडला."

ते ऐकल्यावर मी दोन दिवस जेवणाच्या टेबलावर मान वर करून बसलो नाही.

आता लिहितो. मध्येच कागद फाडला तर हे आयुष्यात होणार नाही, तेव्हा अक्षर खराब आलं तर समजून घे.

गेली सहा वर्षं मला सुईपाखराचा आवाज ऐकू येत नाही. एकदाही आला नाही. पहिल्या वर्षी वाटलं सर्दी आहे. दुसऱ्या वर्षी वाटलं वारा होता. मग कळलं. बाकीचे पक्षी ऐकू यायचे, कारण त्यांचे आवाज जाड. फक्त सुई गेली. मी पाचव्या खांबावर दहा मिनिटं उभा राहायचो, घड्याळ बघायचो आणि सहा लिहायचो. चौथ्यावर चार. सहाव्यावर सहा. सातव्यावर पाच. गंमत म्हणून कधी एखादा कमी, कधी जास्त, कारण दरवर्षी तोच आकडा आला तर साहेबांना संशय येईल. बघ किती डोकं चालवलं. ते बटण दाबणं तुला हसत हसत लिहिलं ना मी पहिल्या पत्रात? तेच मी सहा वर्षं डोंगरावर करत होतो.

आणि वर मला ते प्रामाणिकपणाचं वाटायचं. मनाशी म्हणायचो, पाखरू तर आहेच, कान माझा गेलाय. माझ्या कानाची शिक्षा पाखराला कशाला? शून्य लिहिलं तर ते खोटं होईल. म्हणून मी माझ्या मते 'खरं' लिहीत होतो. पाखरू खरंच गेलं असेल हे एकदाही डोक्यात आलं नाही. पस्तीस वर्षं जे तिथे होतं ते तिथेच असणार. माझ्या कानाखेरीज जगात काही बदलू शकतं, हे मला सुचलंच नाही.

सांगितलं का नाही? बहिऱ्या गणकाला कोण ठेवणार? भिंतीवर ते 'पंचवीस वर्षं अखंड मोजणी'चं मानपत्र काचेत लावलंय. सोप्यावर बसलं की समोर तेच. मी आता पाठ करून बसतो.

आता नुकसान काय झालं तेही लिहितो, म्हणजे नंतर 'मला कल्पना नव्हती' म्हणायला जागा नको. खात्याच्या फायलीत पाखरं चौथ्यापासून आठव्यापर्यंत मजेत आहेत. रोपवेवाल्यांचा वकील तीच फाईल घेऊन येणार. पाखरं खाली भरपूर असताना माथ्यावरचं रान कशाला राखायचं, असं त्याचं म्हणणं आहे, आणि फाईल खरी धरली तर त्याचं बरोबर आहे. तुझ्या वह्या सांगतात की ती आता फक्त माथ्यावर उरलीत. पण तुझ्या वह्या कोणी उघडणार नाही, कारण तुझ्यावर शेरा आहे.

मी सुनावणीत उभा राहून सहा वर्षांचं सगळं सांगणार आहे. ठरवलंय.

फक्त एक गोष्ट स्पष्ट करतो, गैरसमज नको. तुझी गणकाची परीक्षा झाली त्या वर्षी माझा कान ठणठणीत होता. नियमाप्रमाणे आपण पाठीला पाठ लावून उभे राहिलो, दोघांनी वेगवेगळं लिहिलं आणि मग वह्या जुळवल्या. पाचव्यावर माझे सहा, तुझं शून्य. नवव्यावर माझं शून्य, तुझे चार. फरक पडला तर मोठ्या गणकाचं खरं धरायचं, हा नियम मी केलेला नाही. मी 'कान कच्चा' असा शेरा दिला तो त्या दिवशीच्या आकड्यांवरून. खात्यात सगळ्यांसमोर 'कानामागून आली आणि तिखट झाली' म्हणालो, ते चुकलं. भावाने असं बोलू नये. त्याची माफी मागतो. पण शेरा हा शेरा होता. तेव्हाचं वेगळं आणि नंतरचं वेगळं.

वहिनी विचारते, पूर्ण झालं का? हो म्हटलं.

दादा


२२ मार्च

मुंगे,

परवा तू आलीस. मी येऊ नकोस म्हटलं होतं, म्हणजे तू येणारच होतीस. तू मागच्या रांगेत बसलीस आणि मांडीवर वह्या ठेवल्यास. सात वह्या. मी तुला बघितलं, तू मला बघितलंस का माहीत नाही. केस पांढरे झालेत तुझे, पुढचे. मला कोणी सांगितलंच नव्हतं.

जे झालं ते तू बघितलंस. तरी मला लिहू दे. मी माझ्या जागेवरून काय बघितलं ते तुला ठाऊक नाही.

माझं नाव पुकारलं. उभा राहिलो आणि सांगितलं. मला ऐकू येत नव्हतं, मी सवयीने लिहीत गेलो, सहा वर्षांचे आकडे माझ्या मनाचे आहेत. डॉक्टरीणबाईंचा कागद पुढे ठेवला. मला मशीनमधून पंख्याची घरघर आणि एक खोकला तेवढा स्पष्ट ऐकू आला. साहेबांनी कपाळाला हात लावला. पस्तीस वर्षं त्यांनी मला 'आमचा कान' म्हणून पाहुण्यांपुढे मिरवलंय.

सुनावणीच्या अध्यक्षबाईंनी विचारलं, "मग त्या वर्षांत पाखरं किती होती?"

मी म्हटलं, "शून्य धरा." मनात म्हटलं, हे मुंगीच्या कामी येईल. एवढं तरी करू.

तेव्हा तू उठलीस. माझ्याकडे न बघता अध्यक्षबाईंना म्हणालीस, "शून्य नाही. शून्य म्हणजे ऐकलं आणि नव्हतं. या गणकांनी ऐकलेलंच नाही. ज्याला ऐकू येत नाही त्याचं शून्यही खोटंच. ती पानं रिकामी सोडा."

'या गणकांनी' म्हणालीस. दादा नाही. चूक नाही तुझी, तिथे मी दादा नव्हतोच. पण बघ ना, मी नाकाने कांदे सोलत पश्चात्ताप करायला उभा राहिलो, आणि त्यातही आकडा बनवून आलो. तुझ्या फायद्याचा आकडा असला म्हणून काय झालं? तू तोही घेतला नाहीस. तुझ्या बाजूचा असूनही. मला वाटतं त्या खोलीत खरी गणक एकच होती.

मग तो वकील उठला. तुझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, तुम्ही फार नेमकं बोलता. पण तुमचा कान कच्चा असल्याचा अहवाल आहे, आणि तो याच गृहस्थांचा." आणि मग माझ्याकडे. "काय हो, तुमचा कान सहा वर्षांपूर्वी गेला म्हणता. हा अहवाल सात वर्षांपूर्वीचा. त्या दिवशी तुमचा कान कसा होता?"

मी म्हटलं, "ठीक होता."

तू वह्या पिशवीत ठेवल्यास. एकेक करून, कोपरे जुळवून. मला वाटलं होतं तू काहीतरी बोलशील, ओरडशील. तू पिशवीची चेन लावलीस आणि बसलीस.

निकाल तुला माहीत आहे. शेरा कायम असेपर्यंत तुझ्या वह्या पुरावा म्हणून घेता येत नाहीत. लेखी निवेदनाला पंधरा दिवस. तोवर काही नवीन आलं नाही तर माथ्यावर काम सुरू. माझी सहा पानं रिकामी करून नोंदवहीत लावायची, त्यावर जोडीदार गणकाची सही लागते, म्हणजे समोरच्या उतारावरच्या गणकाची. ती जागा तुझ्यानंतर भरलीच नाही. खात्याने इतकी वर्षं एका सहीवर भागवून नेलं. कागदावर जोडीदार अजून तूच आहेस, म्हणून पानं तुला पाठवतोय. आकडे खोडलेत. 'कारण' या रकान्यात लिहिलंय, 'गणकास ऐकू येत नव्हते. त्याने कळवले नाही.' पटलं तर सही कर. परत पाठवायचं पाकीट सोबत आहे, तिकीट लावलंय.

घरी आल्यावर वहिनीने जेवायला वाढलं नाही. म्हणजे वाढलं, पण माझ्यासमोर बसली नाही. स्वयंपाकघरात उभ्या उभ्या जेवली. मी विचारलं, "आता काय झालं? सांगितलं ना सगळ्यांसमोर?" ती म्हणाली, "त्या वर्षी तुम्ही दारावरची बेल ऐकत नव्हता. मी मागच्या दाराने फिरून येत होते."

मी म्हटलं, बेल बिघडली होती.

दादा


३१ मार्च

मुंगे,

पानं आली. सहाही पानांवर तुझी सही. तीच, लहानपणापासूनची, शेवटी टिंब देणारी. पत्र नाही. मी पाकीट उलटं करून झटकलं, वहिनीनेही झटकलं. मग शेवटच्या पानाच्या मागे पेन्सिलीने लिहिलेला एक शब्द दिसला.

'सहाच?'

मी ते पान घेऊन तीन दिवस घरात फिरतोय. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तसा माझा पीळ. आधी राग आला. म्हटलं, सगळ्यांसमोर नाक घासलं, सहा वर्षांच्या कामावर पाणी सोडलं, आणखी काय हवंय हिला? मग काल वहिनी बाहेरून आली, बेल वाजवली असणार. मी पलंगावर पडलो होतो. मशीन काढून ठेवलं होतं. ती मागच्या दाराने फिरून आली आणि मशीन माझ्या हातात दिलं.

नाही, मुंगे. सहा नाही.

तुझ्या परीक्षेच्या सकाळी पाचव्या खांबावर मला काहीही ऐकू आलं नाही. काहीही. त्याच्या आदल्या आठवड्यातही आलं नव्हतं, मी एकटाच गुपचूप जाऊन बघून आलो होतो. तू माझ्या पाठीला पाठ लावून उभी होतीस. नियमाप्रमाणे मागे बघायचं नसतं. मी बघितलं. मान तिरकी करून तुझ्या हाताकडे बघितलं, तू किती रेघा मारतेस ते चोरायला. परीक्षा तुझी होती आणि कॉपी मी करत होतो. तुझी पेन्सिल हलत नव्हती. दहा मिनिटं एकदाही हलली नाही.

म्हणजे दोघांनाही काही ऐकू येत नव्हतं. माझं समजण्यासारखं होतं, पण तुझे कान तर जमिनीखालची मुंगी ऐकतील असे. त्या क्षणी मला कळलं, की पाखरू गेलंय. मागच्या पत्रात लिहिलं ना, की हे एकदाही डोक्यात आलं नाही? आलं होतं. तुझी पेन्सिल बघून लख्ख आलं होतं. पण तुझं शून्य खरं मानलं तर माझे सहा कुठून आले ते सांगावं लागलं असतं. मी तोवर ते लिहून बसलो होतो. खोडरबर खिशात होता. मी तो काढला नाही. तुझा कान कच्चा म्हणणं त्याहून सोपं होतं. आणि नवव्या खांबावर तू चार लिहिलेस तेव्हा तर मला आनंदच झाला. म्हटलं, हिची चूक ठळक दिसतेय.

नंतर तू रडलीस ते मला ऐकू आलं. तो आवाज बारीक नव्हता.

तू तुझी नोकरी माझ्या कानावरून ओवाळून टाकलीस असं मी सात वर्षं मनाला सांगत होतो, जणू तू स्वतःहून गेलीस. मी तुला घालवलं. तू चुकली नव्हतीस म्हणून घालवलं.

आज सकाळी खात्यात जाऊन निवेदन दिलं. साहेबांच्या हातात नाही, आवक-जावकला, शिक्का मारून घेतला, म्हणजे कोणाला ते गिळता येणार नाही. मुदतीत आहे, चार दिवस बाकी होते. त्याच्या प्रती अध्यक्षबाईंना आणि त्या वकिलालाही गेल्यात. परीक्षेचा शेरा मागे घेतलाय. सातवं पान सोबत जोडलंय, तुझ्या परीक्षेचं. त्यावर माझे आकडे खोडलेत, तुझे तसेच ठेवलेत. त्यावर सही मागत नाही, ती मागायची माझी हिंमत नाही.

निवेदन फार मोठं नाही. तुला पूर्ण पाठवत नाही, शेवट तेवढा उतरवून देतो. साहेबांनी नंतर तो वाचून 'हे असं लिहितात का सरकारी कागदात?' म्हणून विचारलं. मी म्हटलं, असंच राहू दे.

'परीक्षेच्या दिवशी पाचव्या खांबावर दोन गणक उभे होते. एकाला ऐकू येत नव्हते, त्याने सहा लिहिले. एकीला ऐकू येत होते. तिने शून्य लिहिले.'

दादा